विद्युत् वाहिनी, आंतरराज्य

वीजनिर्मितीच्या स्थळापासून वापराच्या स्थळापर्यंत उच्च दाबाने वीज वाहून नेणाऱ्या आणि एका राज्याची, क्वचित् राष्ट्राची, सीमा ओलांडणाऱ्या तारमार्गास ही संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंदीत अशा वाहिन्यांच्या तांत्रिक रचनेऐवजी त्या उभारण्यास शासनाची अनुमती मिळविण्याच्या पद्धतीचा इतिहास मुख्यतः मुंबई इलाखा, महाराष्ट्र व गोवा यांच्या अनुषंगाने दिला आहे. कोळसा किंवा धान्य एका मार्गाने अडले, तर दुसऱ्या मार्गाने नेता येते. वीजवाहिनीचे तसे नाही. तिला आरंभापासून अंतापर्यंत अखंड पट्टा लागतो व त्यातील प्रत्येक शेत, रस्ता, नदी, लोहमार्ग आणि वनखंड यांवर कोणाचा ना कोणाचा अधिकार असतो. त्यांतील एकाचाही नकार संपूर्ण वाहिनी निरुपयोगी करू शकतो. अनुमतीच्या कायद्याचा सारा विकास या एका अडचणीतून झालेला आहे.

पूर्वपीठिका : भारतातील पहिली लांब पल्ल्याची वाहिनी १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत, सु. १४७ किमी. अंतरावर, उभारण्यात आली. ती संस्थानच्या हद्दीतच होती व राज्यकर्ताच तिचा प्रवर्तक असल्याने जमिनीच्या अनुमतीचा प्रश्न फारसा उद्‌भवला नाही. मुंबईकडील परिस्थिती वेगळी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर साठविलेले पाणी कोकणात सोडून त्यावर वीज निर्माण करावी आणि ती गिरण्यांना पुरवावी, ही जमशेटजी टाटा यांची योजना खाजगी भांडवलावर उभी राहावयाची होती. त्यामुळे तिला शासनाचा परवाना आवश्यक ठरला. १९०३ च्या विद्युत् अधिनियमान्वये ‘बॉम्बे (हायड्रो-इलेक्ट्रिक) लायसन्स, १९०७’ हा परवाना देण्यात आला. तोपर्यंत जमशेटजी निवर्तले होते (१९०४). गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांनी योजनेस पाठबळ दिले. १९१० मध्ये कंपनीची नोंदणी झाली, १९११ मध्ये लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोली येथील केंद्राचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर ‘आंध्र व्हॅली लायसन्स, १९१९’ आणि ‘नीला-मुळा व्हॅली लायसन्स, १९२१’ हे परवाने निघाले. या परवान्यांचे आयुष्य विलक्षण लांब ठरले. टाटा कंपनीला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते किंवा नाही, या वादात सर्वोच्च न्यायालयास २००८ मध्ये त्यांच्याच शब्दांचा अर्थ लावावा लागला.

उल्हास खोरे : आंध्र नदीचे पाणी घाटाखाली उतरवून भिवपुरी (ता. कर्जत) येथे १९२२ मध्ये दुसरे केंद्र सुरू झाले. त्याची वीज मुंबईस नेण्यासाठी उल्हास नदीचे खोरे ओलांडणे प्राप्त होते. कल्याण–कर्जत लोहमार्गावरील अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ या गावांचा हा टापू त्या काळी भातशेतीचा व विरळ वस्तीचा होता. खोऱ्याला या योजनेपासून दोन गोष्टी प्राप्त झाल्या. एक म्हणजे वीज निर्माण करून सुटलेले पाणी उल्हास नदीत येऊ लागले व उन्हाळ्यातही नदी वाहती राहिली. बदलापूर–अंबरनाथच्या नळपाणीपुरवठ्याचा आधार पुढे हेच पाणी झाले. दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा. खोऱ्यातील खेड्यांच्या वाट्यास तारांखालची जमीन आली, तारांतील वीज मात्र पुष्कळ उशिरा आली.

तारांखालच्या या जमिनीची कायदेशीर स्थिती चमत्कारिक आहे. १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाच्या ५१ व्या कलमाने शासनाला असा अधिकार दिला, की वाहिनी उभारणाऱ्या परवानाधारकास १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील तारखात्याचे अधिकार बहाल करावेत. तारखात्याला खाजगी जमिनीत खांब रोवण्यास मालकाची संमती लागत नसे. मालकी शेतकऱ्याचीच राही आणि खात्याला केवळ वापराचा हक्क मिळे. नुकसानभरपाई द्यावयाची, पण भूमिसंपादन करावयाचे नाही. मालकाने विरोध केल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याने आदेश द्यावा व भरपाईच्या रकमेविषयी वाद असल्यास तो जिल्हा न्यायाधीशापुढे जावा, अशी व्यवस्था होती. तारायंत्राच्या हलक्या खांबांसाठी केलेली ही तरतूद पुढे अजस्र पोलादी मनोऱ्यांना लागू झाली. १९४८ च्या विद्युत् (पुरवठा) अधिनियमाने ती राज्य विद्युत् मंडळांना दिली व २००३ च्या विद्युत् अधिनियमात १६४ व्या कलमाच्या रूपाने ती कायम राहिली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तार अधिनियमाची जागा घेतली, तरी वीजवाहिन्यांपुरत्या या तरतुदी चालू ठेवण्यात आल्या. शासकीय अनुमतीच्या इतिहासात इतकी दीर्घायुषी आणि सामान्य माणसाला इतकी अपरिचित तरतूद दुसरी नसावी.

भातशेतीच्या काळात तिची झळ मर्यादित होती, कारण तारांखाली भात पिकतच होते. लोकवस्ती वाढून बदलापूर–वांगणीपर्यंत नागरीकरण पोहोचले, तेव्हा चित्र पालटले. २२० किव्हो. वाहिनीखाली साधारणतः ३५ मी. व ४०० किव्हो. वाहिनीखाली ४६ मी. रुंदीचा पट्टा बांधकामाविना ठेवावा लागतो. शेतजमीन बिनशेती होऊन तिचा भाव वाढला, की या पट्ट्याच्या मालकाच्या हाती सातबाराचा उतारा राहतो. घर बांधण्याचा हक्क राहत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के व तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाईची शिफारस केली. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. पट्ट्याच्या नुकसानीला किंमत असते, हे अधिकृतपणे मान्य होण्यास अशा रीतीने शंभर वर्षे लागली.

मुळशी : परवाना आणि लोकांची संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुळशीत प्रथम स्पष्ट झाले. नीला-मुळा परवाना ज्या वर्षी निघाला, त्याच १९२१ मध्ये धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पां. म. उर्फ सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते. १९२४ पर्यंत हा लढा चालून मावळला. धरण पूर्ण झाले व भिरा येथील केंद्रातून १९२७ मध्ये वीज वाहू लागली. त्या काळच्या अनुमतीच्या प्रक्रियेत बाधित व्यक्तीचे म्हणणे हे भरपाईच्या रकमेपुरतेच ऐकून घेण्याजोगे मानले जाई. योजना असावी की नसावी, हा प्रश्न तिला विचारण्याची सोय कायद्यात नव्हती.

राज्यांच्या सीमा : १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर पूर्वी एकाच राज्यातील असलेली वीज दोन राज्यांची झाली. तारापूर अणुविद्युत् केंद्राची वीज (१९६९) महाराष्ट्र व गुजरात यांनी वाटून घेतली. पेंच प्रकल्पात महाराष्ट्र व मध्य प्रदेश भागीदार झाले. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ व गुजरातेस १६ टक्के हिस्सा मिळाला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक विद्युत् मंडळांमुळे अशा देवघेवीला व्यासपीठ लाभले; पण वाहिन्या त्या त्या राज्याच्या मंडळाने आपापल्या हद्दीत उभारावयाच्या व सीमेवर जोडावयाच्या, असाच प्रघात होता. १९८९ मध्ये केंद्रीय प्रेषण महामंडळ (नंतरचे पॉवर ग्रिड) स्थापन झाल्यावर सीमा ओलांडणारी वाहिनी एकाच संस्थेकडे आली. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील १,००० मेवॉ. क्षमतेच्या एकदिश जोडणीने पश्चिम व दक्षिण विभाग जोडले गेले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किव्हो.ची वाहिनी कार्यान्वित होऊन सर्व देशाचे जाळे समकालिक झाले. १९९८ पासून खाजगी कंपन्यांनाही प्रेषणाचे क्षेत्र खुले झाले.

सध्याच्या पद्धतीनुसार आंतरराज्य वाहिनीस केंद्रीय विद्युत् नियामक आयोगाचा परवाना, अधिनियमाच्या ६८ व्या कलमाखाली शासनाची पूर्वानुमती व १६४ व्या कलमाखालील अधिकार लागतात. वनजमीन असल्यास १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमान्वये केंद्राची मान्यता घ्यावी लागते. तिचा प्रस्ताव मात्र राज्य शासनाकडूनच यावा लागतो. अभयारण्य असल्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस हवी. ‘अनुमती’ हा शब्द एकवचनी असला, तरी व्यवहारात ती अनेक दारांवरून गोळा करावयाची असते.

गोवा–तमनार वाहिनी : गोव्यात स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. मुक्तीनंतरच्या काळात तेथील वीज मुख्यतः महाराष्ट्र व कर्नाटक या शेजारी राज्यांमधून येणाऱ्या वाहिन्यांवर अवलंबून राहिली. कोल्हापूर–म्हापसा ही ४०० किव्हो. वाहिनी आणि कर्नाटकातील अंबेवाडीहून फोंड्याकडे येणारी २२० किव्हो. वाहिनी या त्यांपैकी प्रमुख होत. आणखी एक मार्ग असावा, या हेतूने धारवाडजवळील नरेंद्र येथून गोव्यातील शेल्डेपर्यंत ४०० किव्हो. वाहिनी आखण्यात आली व स्पर्धात्मक निविदेने तिचे काम एका खाजगी कंपनीकडे गेले. तमनार हे गाव छत्तीसगढमध्ये आहे. नावावरून तेथून गोव्यापर्यंत सलग वाहिनी असावी असा समज होतो, परंतु त्याच योजनेतील तो एक स्वतंत्र भाग आहे.

वाहिनीचा मार्ग भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या परिसरातून जात होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असता, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तिला मान्यता दिली. त्याच प्रदेशात लोहमार्गाचे दुपदरीकरण व महामार्गाचे रुंदीकरण हेही प्रकल्प होते. या तिहींविरुद्ध गोव्यात विद्यार्थी, शास्त्रज्ञ व कलावंत यांनी मोठी चळवळ उभारली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २३ एप्रिल २०२१ च्या अहवालात नव्या जंगलपट्ट्यास नकार देऊन आधीच असलेल्या २२० किव्हो. वाहिनीच्या पट्ट्याचाच उपयोग करण्याची शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने वाहिनीपुरती ती स्वीकारली. पुढील महिन्यात लोहमार्गाची मान्यता मात्र रद्द केली. वीज हवी की वन हवे, असा प्रश्न मांडणे सोपे असते. समितीने वाहिनी कोठून न्यावी हा प्रश्न विचारला व त्यामुळेच तिच्या निर्णयाला मार्गदर्शक मूल्य आले.

अडचण मग सीमेपलीकडे उद्‌भवली. कर्नाटकातील मार्ग दांडेली व काळी व्याघ्र प्रकल्पाच्या वनांशी निगडित होता. याच सुमारास म्हादई नदीच्या पाण्याचा वाद पेटलेला होता. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले होते, परंतु कळसा नाल्याच्या योजनेस वन्यजीव मंडळाची मान्यता मिळत नव्हती. २०२४ मध्ये कर्नाटकाने वाहिनीच्या वनप्रस्तावास नकार दिला. केंद्राने फेरविचार सुचविला, तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून, गोव्याच्या विजेसाठी आग्रह आणि कर्नाटकाच्या पाण्यासाठी दिरंगाई, असा भेद का, हा प्रश्न उपस्थित केला. परवाना केंद्राचा असला, तरी वनप्रस्तावाची किल्ली राज्याच्या हाती असते व तिचा उपयोग विजेशी संबंध नसलेल्या वादातही होऊ शकतो, हे यातून दिसले.

अन्य देशांत : संघराज्यांमध्ये असे प्रसंग इतरत्रही घडले आहेत. अमेरिकेत १९५३ च्या आदेशानुसार परदेशाशी जोडणाऱ्या वाहिनीस राष्ट्राध्यक्षीय परवाना लागतो. कॅनडातील क्वेबेकची जलविद्युत् आणू पाहणाऱ्या ‘नॉर्दर्न पास’ वाहिनीस तो नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाला. परंतु न्यू हॅम्पशर राज्याच्या समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला नकार दिला व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो उचलून धरला. वाहिनी उभारलीच गेली नाही. भारत व बांगला देश यांना जोडणारी बहरामपूर–भेडामारा वाहिनी ऑक्टोबर २०१३ मध्ये ५०० मेवॉ. क्षमतेने सुरू झाली. सीमापार विजेच्या व्यापारासंबंधी केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व शेजारी राष्ट्रांनी हरकती घेतल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये ती पुष्कळ सैल केली. नेपाळ व भूतान यांना भारताच्या जाळ्यातून तिसऱ्या देशास वीज विकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.