जाहिरात खोटी, म्हणून सवलतही खोटी?

नवरात्र जवळ आलं की सुशिक्षित वर्तुळात एक मत हमखास ऐकू येतं. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत चालणारे सेल म्हणजे निव्वळ चंगळवाद. हे खूळ पश्चिमेकडून आलं. त्यातल्या सवलती थापा असतात, आधी भाव चढवायचा आणि मग उतरवल्याचं दाखवायचं. तेव्हा शहाण्या माणसानं तिकडे ढुंकूनही पाहू नये. पुरवण्यांतल्या लेखांपासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत हे मत इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. त्यामागची तळमळ मला मान्य आहे. मत मात्र बहुतांशी चुकीचं आहे, आणि ज्या घरांना दोन पैसे वाचवणं भागच असतं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

उगमाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारचं अनुकरण आपल्याकडच्या काही दुकानांनी अलीकडे सुरू केलं, हे खरं. पण दसरा-दिवाळीची खरेदी त्याच्या कितीतरी आधीची. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि दिवाळीचा पाडवा याच काळात येतात. पितृपक्षात मोठी खरेदी टाळायची प्रथा असल्यानं पंधरा दिवस मागणी तुंबते आणि घटस्थापनेला मोकळी होते. खरिपाचं पीक याच सुमारास बाजारात येतं आणि शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येतो. गिरणी-कारखान्यांतल्या कामगाराला दिवाळीच्या तोंडावर बोनस मिळायचा. १९६५ च्या कायद्यानं तो हक्क झाला आणि पुढे त्याचं किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, असं ठरलं. वर्षभर पुढे ढकललेला कुकर, मिक्सर, मुलांचे कपडे त्या पैशातून यायचे. याला चंगळ म्हणणाऱ्यानं त्या घरांचा जमाखर्च पाहिलेला नाही.

सवलत देऊन माल विकण्याची रीतही इथलीच आहे. गांधीजयंतीपासून खादी भांडारांत मिळणाऱ्या रिबेटची वाट पाहणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली. तमिळनाडूत आडी महिन्यात लग्नकार्यं होत नाहीत, म्हणून तिथले कापडवाले त्या महिन्यात भाव उतरवतात. आणि स्वस्त-रास्त माल शोधण्याला नैतिक प्रतिष्ठा मिळाल्याचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतच आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं घरांचे छोटे गट केले, महिन्याचा किराणा एकत्रित घाऊक भावानं घेतला आणि सभासदांत वाटला. भाव कुठे कमी आहे, दर्जा कुठे चांगला आहे, हे शोधणं तिथे सामाजिक काम मानलं गेलं. तेच काम आज एखादी गृहिणी हातातल्या मोबाइलवर एकटीनं करते, तेव्हा ते हावरेपणा कसं ठरतं?

आता मुख्य आरोप, सवलती खोट्या असल्याचा. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि तेच दिशाभूल करतं. उदाहरणादाखल एक मिक्सर घेऊ. खोक्यावर एमआरपी ८,००० रुपये छापली आहे. वर्षभर तो दुकानात आणि ऑनलाइन ४,६०० ला मिळतो. दसऱ्याला तो ४,२०० ला येतो आणि जाहिरात म्हणते, ४७ टक्के सूट. ही जाहिरात खोटी आहे का? व्यवहारात खोटीच, कारण ८,००० ला तो मिक्सर कुणीच कधी घेतलेला नाही. एमआरपी ही कायद्यानं ठरलेली कमाल मर्यादा आहे, करांसकट. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. कमी घेण्याला बंदी नाही आणि ती छापील किंमत खऱ्या बाजारभावाच्या किती वर असावी यालाही धरबंध नाही. पण म्हणून सवलत खोटी ठरली का? मुळीच नाही. ४,६०० चे ४,२०० झाले. चारशे रुपये, म्हणजे जवळपास नऊ टक्के खरोखर वाचले. सत्तेचाळीसवर विश्वास ठेवणारा फसला, हे टीकाकारांना दिसतं. तो आकडा खोटा निघाला म्हणून नऊवरही पाणी सोडणारा नुकसानीत गेला, हे मात्र दिसत नाही.

टीकाकारांचा पुढचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: सणाला मागणी वाढते, मागणी वाढली की भाव चढतात, मग नेमका तेव्हाच भाव उतरतो हे शक्यच नाही, अर्थात काहीतरी लबाडी आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यापुरतं हे ठीक. पण या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. जुडिथ शेव्हालिये, अनिल कश्यप आणि पीटर रॉसी या तिघांनी शिकागोतल्या एका किराणा साखळीच्या गल्ल्यावरच्या नोंदी तपासून २००३ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्या वस्तूची मागणी ज्या हंगामात शिगेला पोचते, त्या हंगामात तिची किंमत चढण्याऐवजी उतरते, असं त्यांना आढळलं. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या काळात तिथे ट्यूना मासा जास्त खपतो आणि नेमका तेव्हाच स्वस्त होतो. कारण सरळ आहे. त्या दिवसांत गिऱ्हाईक ज्या वस्तूसाठी घराबाहेर पडतं, तिच्याच भावावरून ते दुकान निवडतं. म्हणून दुकानदार त्या वस्तूवरचा नफा सोडतो आणि बाकीच्या मालावर तो भरून काढतो. आपल्याकडे दिवाळीआधी साखर, रवा, तेल स्वस्त लावून मॉलवाले हेच करतात. तिथली साखर खरोखर स्वस्त असते. सोबतच्या सुक्यामेव्याच्या सजवलेल्या डब्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

यंत्रांच्या बाबतीत आणखी कारणं आहेत. फोनचं नवं मॉडेल सप्टेंबरच्या आसपास आलं की आधीच्या मॉडेलची किंमत अनेकदा कंपनीच उतरवते, आणि हे दसऱ्याच्या तोंडावर घडतं. एसीचा हंगाम एप्रिल-मे. ऑक्टोबरात पडून असलेला एसी म्हणजे गोदामाचं भाडं आणि अडकलेलं भांडवल. कार्डावरच्या सवलतीचा बराचसा भार बँक उचलते, कारण तिला नवा कर्जदार हवा असतो. यातलं कुठलंच कारण बनावट नाही. फक्त हे स्वस्त कशामुळे झालं, ते विचारावं लागतं. एसी किंवा फ्रिज स्वस्त दिसला तर त्याच्यावरचं ताऱ्यांचं लेबल कुठल्या काळापर्यंतचं आहे ते वाचावं. निकष मधूनमधून कडक होतात, आणि जुन्या निकषांवरचे पाच तारे नव्या निकषांवर चारच भरू शकतात. वाचवलेले पैसे मग विजेच्या बिलात जातात.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही असंच. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. आजची रीत अशी की व्याजाइतकी सूट विक्रेता आधीच देतो आणि बँक आपलं व्याज लावते. समजा ३०,००० चा फोन पाच-पाच हजारांच्या सहा हप्त्यांत घेतला आणि व्याजदर १५ टक्के आहे. व्याज साधारण १,२७० रुपये होतं आणि तेवढीच सूट मिळते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, ग्राहकाच्या माथी येतो. प्रक्रिया शुल्क असलं तर ते वेगळं. हा व्यवहार फुकट नाही आणि लुबाडणूकही नाही. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याला चार-पाचशे रुपयांत सहा महिन्यांची सवड मिळते, आणि ती घ्यावी की नाही हे ठरवायला तो समर्थ आहे.

हिशेब करणाऱ्याची खरी कसोटी २०२५ च्या नवरात्रात लागली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. निव्वळ करकपातीनंच या वस्तू सुमारे ७.८ टक्क्यांनी स्वस्त व्हायला हव्या होत्या. जिथे करकपात धरून एकूण दहा टक्के सूट होती, तिथे दुकानदाराची स्वतःची सवलत जेमतेम अडीच टक्के होती. मोबाइलवरचा कर मात्र बदललाच नव्हता, त्यामुळे मोबाइलच्या सवलतीचा कराशी काही संबंध नव्हता. हा फरक ज्याला कळला त्याला दुकानात कुठे घासाघीस करायची तेही कळलं.

टीकाकारांशी माझा सर्वांत मोठा मतभेद पुढच्या मुद्द्यावर आहे. पाठ फिरवा, शोधूच नका, असा त्यांचा सल्ला. तो सगळ्यांनी मानला तर काय होईल? याचं उत्तर पीटर डायमंड यांनी १९७१ सालीच गणितानं मांडलं. भाव शोधायला थोडासा जरी त्रास पडत असेल आणि त्यामुळे कुणीच शोधत नसेल, तर विक्रेते कितीही असोत, किंमत मक्तेदाराच्या किमतीइतकी चढते. जॉर्ज स्टिग्लर यांनी त्याआधी दहा वर्षं, १९६१ मध्ये, दाखवलं होतं की भावाची माहिती मिळवणं हाच एक खर्च आहे आणि त्या शोधावर बाजारातली किमतींची तफावत अवलंबून असते. हॅल व्हेरियन यांनी १९८० मध्ये सेलचाच सिद्धांत मांडला. भाव ठाऊक असलेली आणि नसलेली अशी दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात, आणि पहिल्या प्रकाराला ओढण्यासाठी दुकानदार अधूनमधून भाव पाडतो. चार दुकानं हिंडणारा, चार साइट चाळणारा माणूस स्वतःचे पैसे तर वाचवतोच, शिवाय न हिंडणाऱ्यालाही स्वस्ताई मिळवून देतो. लक्ष्मी रोडवर, दादरला किंवा लॅमिंग्टन रोडवर ‘पलीकडे इतक्याला मिळतंय’ असं सांगणारं गिऱ्हाईक दिवसभर येत राहिलं, तर संध्याकाळी येणाऱ्या अबोल माणसालाही भाव कमीच सांगितला जातो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टचा पहिला मोठा सेल झाला, तेव्हा फुगवलेल्या मूळ किमतींबद्दल आणि मिनिटांत संपलेल्या मालाबद्दल इतकी ओरड झाली की संस्थापकांना जाहीर माफी मागावी लागली. ती ओरड करणारे सेलकडे पाठ फिरवणारे नव्हते. किमतींवर डोळा ठेवून बसलेलेच होते.

गरज नसताना घेतलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी तो खर्चच, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. पण तो बेहिशेबीपणाविरुद्धचा आक्षेप आहे. मुरलेला सवलतशोधक यादी आधी करतो, आणि यादीतल्या वस्तूचा महिनाभराचा भाव त्याला पाठ असतो. किराण्यात तर ही नजर फारच लागते. मोठा पुडा नेहमी स्वस्त, असं आपण धरून चालतो. पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेला एककाचा दर वाचा. किलोपेक्षा लहान पुड्यावर तो ग्रॅमला असतो, मोठ्यावर किलोला, त्यामुळे दोन्हींची तुलना चटकन होत नाही. समजा धुण्याच्या पावडरीच्या अर्धा किलोवर ग्रॅमला २२ पैसे लिहिले आहेत आणि दोन किलोच्या ‘महाबचत’ पुड्यावर किलोला २३० रुपये. हजारानं गुणलं की कळतं, लहान पुडा किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त आहे.

या सेलमुळे कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नुकसान होतं, ही व्यथाही खरी आहे. बड्या मंचांच्या खोल सवलतींची आणि ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप देण्याची चौकशी करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये दिला होता. तो रस्ता बरोबर आहे. नियम मोडला असेल तर मोडणाऱ्याला धरावं, स्वस्त फ्रिज घेणाऱ्या कुटुंबाला अपराधी ठरवू नये. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन भाव विचारावा. पुष्कळदा तो तेवढाच भाव लावतो, आणि जोडणीला माणूसही पाठवतो.

मग लढायचं कशाविरुद्ध? आकड्याच्या फसवणुकीविरुद्ध. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारी शुल्कं, हे सगळं त्यात येतं. असं दिसलं तर पडद्याचं छायाचित्र काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण फुगवलेल्या मूळ किमतीचा बंदोबस्त याने होत नाही. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून नियम आहे की किंमत कमी केल्याची जाहिरात करायची तर मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सोबत द्यावी लागते. जर्मनीत आल्डी साखळीनं केळ्यांवर २३ टक्के सूट जाहीर केली होती, आणि मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत त्या सवलतीच्या किमतीइतकीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पष्ट केलं की टक्केवारीसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरूनच काढली पाहिजे. आपल्या मिक्सरच्या जाहिरातीला हा नियम लावला तर ४७ च्या जागी ९ छापावे लागतील. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनी आणि खासदारांनी ही एकच मागणी लावून धरावी, आणि हा नियम पुढच्या घटस्थापनेआधी भारतात लागू करून घ्यावा.