भिलाईची दुसरी भट्टी

भिलाई म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे धगधगती भट्टी उभी राहते. आम्हांस मात्र त्या भट्टीच्या शेजारची शाळा अधिक महत्त्वाची वाटते. तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईस दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुराहून चाले; १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने राजधानी भोपाळला गेली. भिलाईची पायाभरणी नागपूरच्या छायेत झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसते. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत होते, लोहमार्ग दारावरून जात होता. नव्हते ते भट्टी चालविणारे हात. म्हणून अनेक अभियंते शिक्षणासाठी सोव्हिएत देशात धाडले गेले, आणि फिटर, टर्नर, वीजकाम करणारे घडविण्यासाठी कारखान्याने स्वतःची तांत्रिक संस्था काढली. रशियन तज्ज्ञ बोलत, दुभाषी सांगत आणि उमेदवार हाताने करून पाहत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

परंतु या शाळेच्या दाराला उंबरठा होता. ज्यांची शेते कारखान्याखाली गेली त्या छत्तीसगढी कुटुंबांतील पुष्कळांच्या वाट्यास प्रथम आली ती माती वाहण्याची मजुरी. कसबी कामाच्या जागा बव्हंशी परप्रांतांतून आलेल्या शिकलेल्या तरुणांनी भरल्या. त्यात त्या तरुणांचा दोष नव्हता. शिकण्यास येण्यापूर्वीच काही शिकलेले असावे, ही अट मात्र विचित्र खरी.

येथे बडोद्याचा दाखला मननीय आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले. रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषांतून शिकवावेत, असा गज्जरांचा आग्रह होता, व त्यासाठी मराठी-गुजराती पुस्तके तयार करण्याचे कामही हाती घेण्यात आले. दादासाहेब फाळके काही काळ याच कलाभवनात शिकले. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या पोरासही विद्या मिळावी, हा विचार तेथे साठ-सत्तर वर्षे आधी झाला होता.

पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने कम्युनिटी कॉलेज काढले. १९८६ मध्ये दुर्गला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होतेच. २०१६ मध्ये भिलाईस आयआयटी मिळाली. वरचे मजले चढत गेले.

आम्ही पडलो कारकून. आमच्या टेबलावर येणाऱ्या काही अर्जांत 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात आडवी रेघ असते, आणि 'अनुभव' या रकान्यात बावीस वर्षे. त्या रेघेसाठी आम्हांस कोरा शेरा लिहावा लागतो, 'अपात्र'.