दफ्तराबाहेरची फिर्याद

नवऱ्याच्या हातचा मार हे बाईच्या जन्माचे प्राक्तन होय, ही समजूत आपल्या समाजात निर्वेध नांदत होती, त्या काळीही सोसण्याला काही सीमा असावी ही जाणीव लोकरूढीत अगदीच नव्हती असे नाही. ‘काडीमोड’ हा शब्दच तिची साक्ष देतो. पंचांदेखत वाळकी काडी मोडली की लग्नगाठ सुटली. परंतु सुटका होई ती नात्यातून. सुटल्यावर त्या बाईने कोठे जावे, याचे उत्तर काडीपाशी नव्हते.

१९८३ साली दंडविधानात कलम ४९८-अ दाखल होऊन पतीची क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडून, फिर्याद घेऊन आलेल्या स्त्रीला ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्त्याचा आधार दिला. पण १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या अरण्यात, जेथे ठाणे गाठायलाच दिवस मोडे, तेथे दाद मागण्याची वाट निराळी निघाली.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम आठ टक्के होत्या. तो शोध मारहाणीचा नव्हता. तथापि तक्रार नाही म्हणून वेदना नाही असे मानणाऱ्या प्रत्येक दफ्तराला त्याने खोटे ठरवले.

मजुरी गुत्त्यात आणि मार घरात, हा अनुभव ज्यांचा रोजचा, त्या बायकांनी दारूबंदीची मागणी उचलून धरली, आणि १९९३ साली गडचिरोलीत बंदी आली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी चालत गेल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ पासून तो जिल्हा दारूमुक्त जाहीर झाला. महाराष्ट्रात गावचे दारूचे दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होते, त्यात चिठ्ठीवर दोनच चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षर न ओळखणारी म्हातारीही आडव्या बाटलीवर शिक्का उमटवते. घरात जे उच्चारण्याची सोय नसते, ते ती त्या शिक्क्याने सरकारदरबारी रुजू करते.

२०२१ साली चंद्रपूरची बंदी उठली. बुडालेला महसूल, चोरटी दारू, वाढलेले गुन्हे, असा हिशेब त्या वेळी पुढे आला, आणि त्यातील प्रश्न खोटे नव्हते. दारू न पिणारा नवराही हात उगारतो, म्हणून केवळ बंदी हा संपूर्ण उपाय नव्हे, हेही खरे. परंतु ज्या उपायाची मागणी बायकांनी पाठीवरच्या वळांच्या आधारे केली, त्याचे मोजमाप तिजोरीच्या आधारे करणे हा न्याय नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले, समुपदेशन केंद्रे निघाली. त्यांच्याही कार्याचा शोध घेणाऱ्याने निकाली प्रकरणांची संख्या मांडून थांबू नये. तडजोड लिहून घेऊन घरी धाडलेल्या बाईकडे सहा महिन्यांनी, नवरा घरी नसताना, जावे आणि तिला विचारावे: आता झोप लागते का? तिचे उत्तर ज्या रकान्यात लिहिता येईल, तो रकाना आधी आखला पाहिजे.