'सी' उडाला, 'डी' राहिला

"सी फॉरमॅट मारावा लागेल. डी मधलं काही जाणार नाही." १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं महाराष्ट्रात ज्या घरी संगणक होता, तिथे हे वाक्य कधी ना कधी ऐकू आलंच. बोलणारा बहुधा विशीतला मुलगा असे. पाठीवर सॅक, सॅकमध्ये सीड्यांचं पाकीट आणि स्क्रू ड्रायव्हर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून देणारा हाच आणि तो बंद पडला की पुन्हा उभा करणाराही हाच. संगणकाचा इतिहास लिहिताना या मुलांची नोंद कुणी फारशी घेत नाही. ती घ्यायला हवी, कारण कंपन्यांनी विकलेलं यंत्र घरात चालतं ठेवलं ते त्यांनी. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासह क्विक हील हा अँटीव्हायरस उभा केला, तोही याच दुरुस्तीच्या टेबलावरून.

सी, डी ही अक्षरं कुठून आली? ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपीचा एक ड्राइव्ह ए, दुसरा बी. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या मॉडेलमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्या वाट्याला पुढचं अक्षर आलं. फ्लॉपी गेली, पण विंडोजमध्ये हार्ड डिस्क आजही सी पासूनच सुरू होते.

डी मात्र नाइलाजातून रुजला. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये डिस्कचा एक तुकडा, म्हणजे पार्टिशन, ३२ एमबीपेक्षा मोठं करता येत नसे. पुढे ही मर्यादा वाढली, तरी विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत ती २ जीबीवर अडली होती. त्यामुळे चार जीबीची डिस्क आणली की एफडिस्क हा प्रोग्राम चालवून तिचे किमान दोन तुकडे पाडावेच लागत. शिवाय २ जीबीच्या पार्टिशनमध्ये प्रत्येक फाइलला निदान ३२ केबी जागा द्यावी लागे, मग ती चार ओळींची चिठ्ठी का असेना. डिस्कवर फाइली मांडण्याची फॅट३२ ही नवी पद्धत आली, विंडोज ९८ बरोबर ती घरोघर पोचली आणि ही अडचण संपली. तोवर लोकांना एक गोष्ट उमगली होती. सगळा बिघाड होतो तो विंडोजमध्ये. ती सी वर एकटी ठेवली, तर ती पुसून नव्याने टाकता येते आणि फोटो, गाणी, मुलांचे प्रोजेक्ट शेजारी सुखरूप राहतात. सक्तीची वाटणी अशी सोयीची झाली.

विंडोज टाकणं हा कामातला सोपा भाग. खरी कसोटी त्यानंतर. पडद्यावरची चित्रं ढोबळ, आवाज बंद आणि डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. मदरबोर्डबरोबर आलेली सीडी सापडली तर एकेक ड्रायव्हर टाकत जायचं. ती हरवली असेल आणि मोडेमचाच ड्रायव्हर नसेल, तर पेच पक्का. इंटरनेटशिवाय ड्रायव्हर मिळत नाही आणि ड्रायव्हरशिवाय इंटरनेट लागत नाही. जाणकार मुलं म्हणूनच ड्रायव्हरचं फोल्डर आधी डी वर काढून ठेवत.

मग अपडेट. २००३ पर्यंत घरगुती वापरणारे तिकडे फारसं लक्ष देत नसत. त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवर पॅच काढला आणि ११ ऑगस्टला त्याच त्रुटीतून ब्लास्टर हा वर्म पसरला. कुठली फाइल उघडायची गरज नव्हती, नेटला जोडलेलं असणं पुरे होतं. पडद्यावर एक चौकट येई, साठपासून उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. नुकतीच टाकलेली विंडोज एक्सपी तर जास्तच उघडी. जुन्या सीडीत पॅच नाही आणि फायरवॉल असूनही बंद ठेवलेली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन्स इन्स्टिट्यूटच्या मोजणीनुसार, पॅच नसलेलं विंडोज नेटवर सरासरी वीसेक मिनिटंच निभावत होतं. तेवढ्या वेळात पॅच उतरवून घ्यायचे कसे? तेव्हा फोनची वायर काढायची, फायरवॉल चालू करायची, मगच नेट जोडायचं, हा क्रम दुरुस्ती करणाऱ्यांच्या अंगवळणी पडला.

ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या अपडेट-संचाने फायरवॉल मुळातच चालू ठेवली. पण पूर्ण पॅक २६६ एमबीच्या आसपास. डायल-अपवर सेकंदाला पाच केबी मिळाले, तर पंधरा तास, तेही फोन न तुटता. म्हणून तो हातोहात सीडीवरून फिरला.

असा पॅक नसला तर नुकसान डिस्कवरच्या डेटालाही पोचे. मूळ एक्सपीला १३७ जीबीपुढची जागा ओळखता येत नसे. ती सोय सर्व्हिस पॅक १ मध्ये आली. १६० जीबीच्या भरलेल्या डिस्कवर जुन्या सीडीने विंडोज टाकली, की डी-ई मधला डेटाही बिघडण्याचा धोका असे.

मराठी घरांत आणि छापखान्यांत आणखी एक संकट होतं. श्रीलिपी, आयएसएम या मराठी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी वर बसत. मजकूर डी वर शाबूत, पण फाइल उघडली की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. फाँट पुन्हा टाकेपर्यंत आपलंच लिखाण आपल्याला वाचता येत नसे. युनिकोडची गत निराळी. एक्सपीत मंगल फाँट होता, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे. ती केली की संगणक विंडोजची सीडी मागे. सीडी हाताशी नसे, म्हणून तिच्यातलं आय३८६ हे फोल्डर आधीच डी वर उतरवून ठेवलेलं असे.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये रीसेटची सोय आली, विंडोज १० मध्ये अपडेट एकत्रित येऊ लागले, नवे लॅपटॉप बहुधा एकट्या सी सह मिळतात. फॉरमॅट मारणाऱ्यांचा धंदा आटला. डी वरचा विश्वास मात्र काही घरांत अजून टिकून आहे आणि तो अपुरा आहे. सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे. डिस्कच गेली तर दोन्ही जातात.

माळ्यावर, छापखान्याच्या कपाटात पडलेल्या त्या जुन्या डिस्कवर दिवाळी अंक, स्मरणिका आणि पुस्तकांच्या पेजमेकरमधल्या फाइली आहेत. ज्यांच्याकडे अशी डिस्क असेल, त्यांनी ती यूएसबी अडॅप्टरला लावून फाइलींसोबत फाँटही उतरवून घ्यावेत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत आणि मजकुराची पीडीएफ करावी. डिस्क फिरते आहे तोवरच हे जमेल.