मूलपेशी-उपचार आणि रोगप्रतिकारसंस्थेचे नियमन : मुंबईतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले. भारतातील यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा आरंभ येथून मानला जातो. कर्करोगाचे निदान झाले की मराठवाड्यातील कुटुंबे आजही परळची वाट धरतात. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही जवळचा आहे. मूलपेशींद्वारे रोगप्रतिकारसंस्थेचे नियमन करण्याची कल्पना कशी विकसित झाली, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ मध्ये रुग्णांना शिरेवाटे अस्थिमज्जा देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. तरीही संशोधन थांबले नाही. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बालपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. अडवाणी यांनी सिॲटल येथे थॉमस यांच्याच केंद्रात हे तंत्र अभ्यासले होते.

प्रतिकारसंस्थेचा पेच :
अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून रक्तातील सर्व पेशी तयार होतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीही त्यांतच येतात. म्हणून अस्थिमज्जा बदलणे म्हणजे शरीराचा पहारेकरी बदलणे होय. नवा पहारेकरी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, यकृत व आतडी यांवर हल्ला करू शकतो. मात्र याच पेशी उरलेल्या कर्करोगपेशींचाही नाश करतात. म्हणजेच त्यांना पूर्णपणे दडपणे हिताचे नाही व मोकळे सोडणेही नाही. सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यताही चारात एक एवढीच असते.

नियमनाचा नवा मार्ग :
२००४ मध्ये स्वीडनमधील कॅटरिना ले ब्लांक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध केली. प्रत्यारोपणानंतर असाच हल्ला झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला, इतर औषधे निष्फळ ठरल्यावर, त्याच्या आईच्या अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल मूलपेशी देण्यात आल्या व तो बरा झाला. या पेशी रक्त निर्माण करीत नाहीत. त्या खवळलेल्या प्रतिकारपेशींना शांत करतात. या तत्त्वावरील एका उपचाराला अमेरिकेत लहान मुलांसाठी मान्यता मिळण्यास डिसेंबर २०२४ उजाडावा लागला. एका मुलाच्या अनुभवापासून मान्य औषधापर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांचा आहे.

दावे आणि मर्यादा :
या वीस वर्षांच्या काळात मूलपेशींच्या नावाने अनेक असाध्य आजारांवर हमखास उपायाचे दावेही झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१७ च्या सुधारित तत्त्वांनुसार, रक्ताच्या व संबंधित मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा इतर वापर मंजूर चाचणीतच करता येतो.

निष्कर्ष :
मूलपेशी-उपचाराचा इतिहास चमत्काराचा नसून अपयश पचवून केलेल्या संयमी संशोधनाचा आहे. जमीन विकून उपचार शोधणाऱ्या कुटुंबाला सिद्ध उपचार आणि अजून सिद्ध न झालेली आशा यांतील फरक वेळीच कळणे आवश्यक आहे. तो फरक समजावून सांगणे हे डॉक्टरांप्रमाणेच ग्रामीण भागातील प्राध्यापकांचेही कर्तव्य ठरते.