सोनचा पूल आणि डागडुजीची विद्या

हैदराबादहून नागपुराकडे जाणारा जुना राजमार्ग आरमूर मागे टाकून निर्मलच्या वाटेला लागला की सोन नावाच्या गावी गोदावरी आडवी येते. नदी आपलीच, नाशिक, पैठण, नांदेड करीत येथवर आलेली. सोनच्या थोडे वर, पोचमपाड येथे, १९६३ साली पंडित नेहरूंनी ज्याची कोनशिला बसवली ते श्रीरामसागर धरण तिला अडवते, आणि उरलेले पाणी निजामी राजवटीत उभारलेल्या दगडी पुलापाशी येते. हा मुलूख १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके निघून मराठी प्रदेशात आले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार भाग झाले आणि सोन निर्मल जिल्ह्यात गेले. सरहद्दी अशा हलत राहिल्या, पूल मात्र जागचा हलला नाही.

महामार्गाचा भार आता नव्या पुलाने उचलला आहे. जुन्या वास्तूवरचा भार असा उतरला की तिच्या आयुष्यात एक नाजूक काळ येतो. ती ‘वारसा’ ठरते, आणि वारसा ठरलेल्या वस्तूची डागडुजी करण्याची इच्छा अनेकांना होते. इच्छा चांगलीच, पण दगडी पुलांना जितका धोका पुरापासून, तितकाच अडाणी डागडुजीपासून असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

जुन्या दगडी बांधकामाचे मर्म दगडात जितके, तितकेच दोन दगडांमधल्या चुन्यात असते. कळीचा चुना पाण्यात विरवून, त्यात वाळू अथवा विटांची सुरखी मिसळून, बैलाच्या घाणीत तो मळीत असत. हा चुना दगडापेक्षा मऊ असतो, आणि तोच त्याचा गुण आहे. उन्हाने दगड फुगतो, थंडीने आखडतो, ओझ्याखाली कमान केसभर लवते. ही सारी हालचाल चुना पोटात घेतो. बारीक तडा गेलाच तर झिरपत्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि तड्यात पुन्हा बसतो. आत शिरलेला ओलावा दर्जांतून बाहेर निघून जातो. झिजायचा तो चुना झिजतो, दगड राहतो. वीस-पंचवीस वर्षांनी दर्जा पुन्हा भरल्या की काम झाले.

आता याच दर्जांत सिमेंट भरले तर काय होते पाहा. सिमेंट कठीण, ताठ, आणि पाण्याला वाट न देणारे. ओलावा दर्जांतून निघेना की तो दगडाच्या अंगातून वाट काढतो. त्याच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साचतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी दर्जा शाबूत आणि दगड खोल गेलेला, असे उलटे दृश्य दिसते. कोकण-गोव्याच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. सच्छिद्र जांभ्याच्या कितीतरी भिंती अशा पोखरलेल्या आहेत. पणजी-रायबंदर दरम्यान १६३३-३४ साली व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने बांधविलेला सुमारे सव्वातीन किलोमीटरांचा सेतुमार्ग या जांभ्याचाच आहे. त्याला हात लावणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानी घ्यावी.

आदिलाबादच्या बाबतीत यात एक विचित्र योग आहे. तो सारा पट्टा चुनखडीचा. मंचेरियल येथे १९५८ साली सिमेंटचा कारखाना निघाला. पलीकडे राजुऱ्याच्या बाजूलाही मोठे कारखाने उभे आहेत. ज्या खडकातून चुना भाजता यावा, त्यातूनच सिमेंट निघते आणि पोत्यापोत्यांनी गावोगाव पोहोचते. चुन्याच्या भट्ट्या आणि घाणी मात्र मोडीत निघाल्या.

नव्या कामातली चूक लौकर उघडी पडते. डागडुजीतली चूक डागडुजीच झाकून ठेवते. याचे भयंकर उदाहरण गुजरातेत मोरबी येथे घडले. तो पूल दगडी नव्हे, झुलता, एकोणिसाव्या शतकातला. दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी तो लोकांना खुला झाला, आणि चारच दिवसांनी कोसळून १३५ माणसे दगावली. चौकशीत असे आढळले की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजून निकामी झाल्या होत्या. लाकडी फळ्यांच्या जागी धातूचे पत्रे बसवल्यामुळे पुलाचे वजनही वाढले होते. म्हणजे जे दिसते ते नवे केले, आणि ज्यावर सारे लोंबकळत होते ते जुनेच राहिले. आपल्याकडे महाडचा सावित्री नदीवरील १९२८चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, दोन एस.टी. गाड्यांसह. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची तपासणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. वरून पाहून पूल कळत नाही.

उलट दाखलाही याच संस्थानातला आहे. हैदराबादचा पुराना पूल १५७८ साली इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत बांधला गेला, २२ गाळ्यांचा. १८२०च्या सुमारास पुराने त्याची नासधूस झाली तेव्हा सिकंदर जाहने तो दुरुस्त करविला. पुढे २८ सप्टेंबर १९०८च्या महापुरात मुसीने हजारो माणसे नेली, नवे तीन पूल नेले. हा जखमी झाला, पण राहिला. तेव्हाचे गवंडी ज्या चुन्यात पूल बांधला त्याच जातीच्या चुन्यात तो सांधणारे होते. त्यांना दुसरे साहित्य ठाऊकच नव्हते. हे अज्ञान पुलाच्या पथ्यावर पडले, असे म्हणायला हवे.

आजचा गवंडी कामचुकार असतो म्हणून काम वाईट होते, असे मला वाटत नाही. दर्जा भरण्याची मजुरी बहुधा चौरस मीटरवर ठरते. जुना कुजका चुना दीड-दोन इंच खोल खरवडून काढावा, दर्ज धुऊन ओली करावी, मग भरावी, हा नियम. पण खोली मोजणीवहीत दिसत नाही, क्षेत्रफळ दिसते. तेव्हा वरवर खरवडून सिमेंटची रेघ ओढली जाते, आणि देयक मंजूर होते. पिंपळाचे रोप वरून छाटतात, मूळ आत राहते. रस्त्याच्या पाण्याची निघायची भोके डांबराखाली बुजतात, आणि तेच पाणी कमानीच्या पाठीवर साचते. चुन्याला आणखी एक गोष्ट लागते: वेळ. भरलेल्या दर्जा कित्येक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्या लागतात, कारण चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. सरकारी निधी मात्र ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत मंजुरी आली तर मक्तेदाराच्या हाती सहा आठवडे उरतात, आणि तेवढ्यात जे सुकते ते सिमेंटच.