विश्वाचा सारखेपणा : एका गृहीतकाचा इतिहास

‘विशाल प्रमाणावर पाहता विश्व सर्वत्र व सर्व दिशांना सारखे आहे’ हे विधान पाठ्यपुस्तकांत बहुधा सिद्ध सत्य म्हणून येते. इतिहास तपासला असता मात्र ते प्रथम पुराव्याने नव्हे, तर गृहीतक म्हणून विज्ञानात आले असे दिसून येते.

१९१७ साली आइन्स्टाइन यांनी संपूर्ण विश्वाला सापेक्षतेची समीकरणे लावली. गणित सुटावे म्हणून द्रव्य सर्वत्र सारखे पसरले आहे, असे त्यांनी धरून चालले. आपल्या आकाशगंगेबाहेर अन्य दीर्घिका आहेत की नाहीत, याचाही निकाल तेव्हा लागलेला नव्हता. याच गृहीतकावर फ्रीडमन (१९२२) व लमेत्र (१९२७) यांनी प्रसरणशील विश्वाची गणिते मांडली. १९३०च्या दशकात मिल्न यांनी त्याला ‘विश्वशास्त्रीय तत्त्व’ हे नाव दिले.

१९४८ मध्ये बाँडी, गोल्ड व हॉईल यांनी स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला. त्यानुसार विश्व स्थळाप्रमाणेच काळातही सारखे राहते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८-२०२५) हे या विचाराचे एक प्रमुख पुरस्कर्ते होत. परंतु १९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांना सापडलेले पार्श्वभूमी प्रारण जाहीर झाले आणि काळातील सारखेपणाचा दावा बहुतेक शास्त्रज्ञांनी सोडला.

त्याच प्रारणाने स्थळातील सारखेपणाला मात्र बळ दिले. आपल्या गतीचा परिणाम वगळता त्याचे सुमारे २.७ केल्विन तापमान सर्व दिशांना जवळजवळ एकच आहे. कोबे उपग्रहाच्या १९९२ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीनुसार फरक लाखात एक भाग इतकाच. तरीही यातून दिशांचा सारखेपणा कळतो. सर्व स्थळे सारखी ठरविण्यासाठी ‘आपण विश्वात खास जागी नाही’ हेही मानावे लागते. पुढे दीर्घिकांच्या नकाशांवरून साधारण तीस ते पन्नास कोटी प्रकाशवर्षांपलीकडील सरासरीत चढउतार पुसट होतात, असे आढळले. उलट २०२१ मध्ये सुमारे ३३० कोटी प्रकाशवर्षे लांबीची दीर्घिकांची कमान वर्णिली गेली. तिच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत.

म्हणून वर्गात हे तत्त्व शिकविताना तीन प्रश्न आवर्जून विचारावेत : काय गृहीत धरले, काय मोजले आणि कोणत्या प्रमाणावर? हा भेद निसटला, तर विद्यार्थ्याला निष्कर्ष पाठ होतो. विज्ञानाची रीत हाती लागत नाही.